शेवटच्या पानावरचं कलम

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. पण पायरी चढायची नाही तर भांडण मिटवायचं कुठे, हे काही ती म्हण सांगत नाही. पूर्वी गावात पंच बसायचे. पाचामुखी परमेश्वर म्हणून त्यांचा शब्द दोन्ही बाजू मानायच्या. इंग्रजी कोर्टं आली, तारखा आणि खर्च वाढले, तेव्हा १८७०च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने लवाद कोर्टांचा पुरस्कार केला. दोघांनी मिळून पंच नेमायचा, त्याने दोघांचं ऐकायचं आणि निवाडा द्यायचा, अशी ती साधी रीत. आज ती रीत 'लवाद व समेट अधिनियम, १९९६' या कायद्यात आहे आणि मोठमोठ्या कंपन्या तिचाच आधार घेतात.

फरक एवढाच, की गावातला पंच सगळ्यांच्या ओळखीचा असायचा. आताचा पंच करारातलं एक कलम ठरवतं. आणि करार जो लिहितो, तो ते कलम आपल्या सोयीने लिहितो. दुर्दैवाने ते बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असतं, आणि तिथवर येईपर्यंत आपला वाचायचा धीर संपलेला असतो.

हा विषय महिलांच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या भाडेकरारांवर आता बायकांच्या सह्या पुष्कळ असतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. नवऱ्यामागे सातबाऱ्यावर नाव लागलेल्या बायका आहेत. खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यात तर २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाल्यापासून जागेला गिऱ्हाईक येतंच आहे. कुणाला शेड हवी, कुणाला गोडाऊन, कुणाला फार्महाऊस, कुणाला मोबाइल टॉवरसाठी कोपरा. भाडं ठरवताना घरातले पुरुष बोलतात, पण सही मालकिणीची लागते. आणि सही ज्याची, कलम त्याला लागू.

कुंभिवलीच्या काकू

खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीच्या एक काकू काही वर्षांपूर्वी एक इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. सोबत त्यांची जाऊ. दोघींच्या नावावर बिनशेती झालेली थोडी जागा आणि त्यावर पत्र्याची शेड. ती त्यांनी एका बाहेरच्या कंपनीला पाच वर्षांच्या रजिस्टर्ड भाडेपट्ट्याने दिली होती. भाडं महिना साठ हजार. पहिली तीन वर्षं पैसे वेळेवर आले. मग कंपनीने हात आखडता घेतला आणि एक दिवस सामान उचलून निघून गेली. डिपॉझिट वळतं करूनही सात महिन्यांचं भाडं बाकी राहिलं. म्हणजे चार लाख वीस हजार रुपये.

काकूंनी पैसे मागितले तर उत्तरादाखल हे पत्र आलं. 'करारातील कलमानुसार आमच्या व्यवस्थापकीय संचालकांनी अमुक गृहस्थांना एकमेव लवाद नेमले आहे. आपण अमुक तारखेला दिल्ली येथे हजर राहावे.' शेडची मोडतोड झाली म्हणून उलट काकूंकडूनच भरपाई मागितली होती.

"दिल्ली?" काकू म्हणाल्या. "शेड कुंभिवलीत, आम्ही कुंभिवलीत, दिल्ली कुठून आली?"

मी करार उघडला. शेवटून दुसऱ्या पानावर चार ओळींचं कलम होतं. लवाद कंपनी नेमणार, लवादाचं स्थान दिल्ली, भाषा इंग्रजी. खाली दोघींच्या मराठी सह्या.

"भाडं किती, डिपॉझिट किती, दरवर्षी वाढ किती, एवढं आम्ही चौघीजणी बसून वाचलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "पुढचं सगळं छापीलच होतं ना. छापील म्हणजे सगळ्यांना सारखंच असणार, असं वाटलं."

छापील मजकूर सगळ्यांना सारखा असतो, ही समजूत अनेकींची आहे. पण छापील असलं तरी ते कुणीतरी आपल्या फायद्यासाठी लिहिलेलं असतं, आणि सही होण्याआधी पेनाने बदलता येतं.

काकूंच्या बाजूने एक गोष्ट भक्कम होती. नेमलेले गृहस्थ कंपनीला नेहमी सल्ला देणारे होते. २०१५ साली लवाद कायद्यात सुधारणा झाली, तेव्हा सातव्या परिशिष्टात एक यादी आली. पक्षाचा नोकर, सल्लागार, त्याच्याशी धंद्याचा संबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही. पुढे २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमताही येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीच्या कलमावर बोट ठेवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. कायद्यानेही ते मान्य केलं.

आम्ही लेखी हरकत घेतली. लगेच कंपनीकडून दुसरं पत्र आलं, 'नेमणुकीस आमची हरकत नाही' असं लिहून सही करून पाठवा म्हणून. ती सही आम्ही केली नाही. कारण वाद सुरू झाल्यावर तुम्ही लेखी संमती दिली, तर अपात्र माणूसही पात्र ठरतो. कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे.

इथपर्यंत ठीक. पण तटस्थ लवाद नेमून घ्यायचा तर अर्ज उच्च न्यायालयात करायचा, आणि करारात स्थान दिल्ली लिहिलेलं असल्यामुळे तो दिल्लीच्या उच्च न्यायालयात. दोघी जावांनी वहीत हिशेब मांडला. वकील, रेल्वे, राहणं, घरचं बघायला कोण, म्हाताऱ्या सासूबाई. शेवटी कंपनीने अडीच लाखांवर तडजोड सुचवली आणि दोघींनी ती घेतली. हक्क पूर्ण रकमेवर होता. पण एक लाख सत्तर हजार रुपये 'दिल्ली' या एका शब्दाने खाल्ले.

कलमात काय काय पाहायचं

लवादाचं कलम म्हणजे फार अवघड काही नाही. भांडण झालं तर कुठल्या भांडणाचा निवाडा, कोण, कुठे, कुठल्या भाषेत आणि कोणाच्या खर्चाने करेल, एवढंच त्यात असतं. एकेक बघू.

पहिली गोष्ट, वाक्याचं क्रियापद. 'वाद लवादाकडे सोपवता येईल' आणि 'वाद लवादाकडे सोपवला जाईल' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जगदीश चंदर खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच कलम होतं. पक्षांनी तसं ठरवलं तर वाद लवादाकडे जाईल, असं त्यात लिहिलेलं. न्यायालय म्हणालं, हा लवादाचा करारच नाही, पुढे कधीतरी ठरवू असं म्हणणं आहे. आपल्याला लवाद हवा असेल तर 'जाईल' लिहा आणि 'निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील' हेही लिहा. नको असेल तर कलमच काढून टाका. 'येईल' लिहून ठेवलं तर लवाद आहे की नाही, यावरच आधी भांडण होतं.

दुसरी गोष्ट, कुठले वाद. नुसतं 'भाड्याबाबतचा वाद' लिहिलं तर ताब्याचं काय, डिपॉझिटचं काय, मोडतोडीचं काय, असे फाटे फुटतात. भाडं, डिपॉझिट, दुरुस्ती, मुदतीआधी सोडणं आणि जागेचा ताबा, सगळं नावानिशी येऊ द्या.

तिसरी, लवाद कोण आणि नेमणार कोण. एकच लवाद पुरे. कायद्याप्रमाणे लवादांची संख्या विषम लागते. तीन ठेवले तर तिघांची फी. नेमणूक दोघांच्या लेखी संमतीने व्हावी. एकमत झालं नाही तर तीस दिवसांनंतर उच्च न्यायालयाकडे अर्ज करायची वाट कायद्यात आहेच. काही जणी गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं नाव आधीच घालतात. मी ते टाळायला सांगते. पाच वर्षांनी तो माणूस असेल का, आपल्याशी बोलत असेल का, कोण जाणे.

चौथी, स्थान. इंग्रजी करारात 'सीट' हा शब्द शोधा. बसायची खुर्ची एवढाच त्याचा अर्थ घेऊ नका. लवादाचं स्थान जिथलं, तिथल्या कोर्टाचा त्या प्रकरणावर अधिकार. स्थान 'खालापूर, जिल्हा रायगड' लिहिलं तर निवाड्याला आव्हान रायगडच्या जिल्हा न्यायालयात, आणि लवाद नेमायचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात. मुंबईही लांबच, पण सकाळच्या लोकलने जाऊन रात्री घरी येता येतं. प्रत्यक्ष बैठक सोयीने दुसरीकडेही घेता येते, त्याने स्थान बदलत नाही.

पाचवी, भाषा. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल कुणी भांडत नाही. लवादाचं कामकाज कुठल्या भाषेत चालावं, हे पक्षांनी ठरवायचं असं कायद्याचं कलम २२ सांगतं. मग मराठी का नको? आपली साक्ष आपल्या भाषेत देता आली तर बाई निम्मी लढाई जिंकते. इंग्रजीत चालणार असेल तर आपल्या तोंडचं वाक्य दुसराच कुणी आपल्या वतीने बोलतो. कंपनी ऐकत नसेल तर 'मराठी व इंग्रजी' यावर तरी अडून बसा.

सहावी, खर्च. 'लवादाचा सर्व खर्च जागामालक सोसेल' असं वाक्य काही करारांत दडवलेलं असतं. घाबरू नका. वाद निर्माण होण्याआधी केलेला असा करार चालत नाही, असं कायद्याच्या कलम ३१अ मध्ये लिहिलं आहे. तरी असं वाक्य दिसलं की काढायला सांगा. ते घालणाऱ्याची नियत त्यातून कळते.

लवाद सगळीकडे चालत नाही

आता दुसरी बाजू. लवादाचं कलम लिहिलं म्हणजे ते प्रत्येक जागेला लागू पडतं असं नाही. मुंबईतलाच खटला घ्या. नटराज स्टुडिओ आणि नवरंग स्टुडिओ यांच्यातल्या करारात लवादाचं कलम होतं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडे कायद्याने हे वाद लघुवाद न्यायालयाकडे सोपवले आहेत, तिथे खासगी लवादाला जागा नाही. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही मुंबईतल्या लिव्ह अँड लायसन्सच्या ताब्याबाबत आणि लायसन्स फीबाबत तेच म्हटलं.

मग कुठे चालतो? १४ डिसेंबर २०२० रोजी विद्या ड्रोलिया खटल्यात, कोलकात्यातल्या गोदामाच्या भाडेकराराच्या वादावरून, सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखून दिली. भाडेकरूला खास कायद्याचं संरक्षण असेल आणि त्या कायद्याने ठराविक कोर्ट नेमून दिलं असेल, तर लवाद नाही. साध्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालचा भाडेपट्टा असेल, तर लवाद चालेल, अगदी ताब्याचाही. त्याआधी २०१७ मध्ये न्यायालयाने उलट मत दिलं होतं, ते या निकालाने रद्द झालं. म्हणून जुन्या वहीतून उतरवलेला सल्ला कुणी दिला तर साल विचारा.

आपल्याकडे याचा अर्थ काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांतल्या इमारतींना लागू होतो. उघड्या जमिनीला नाही. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांनाही या कायद्याचं संरक्षण नाही. काकूंची भाडेकरू कंपनी त्यात बसत होती, म्हणून लवादाचं कलम खरोखरच लागू पडत होतं. तेव्हा आपला गाव परिशिष्टात येतो का आणि समोरची कंपनी केवढी आहे, हे दोन प्रश्न आधी विचारायचे.

राहतं घर लिव्ह अँड लायसन्सने देणार असाल तर लवादाच्या फंदात पडू नका. मुदत संपूनही माणूस निघत नसेल तर त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मात्र करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर, म्हणजे आपल्यावरच टाकली आहे.

शेतजमीन कसायला दिली तर कूळकायद्याचे प्रश्न येतात, ते लवादाच्या हातातले नाहीत. आणि आपल्या कर्जत-खालापूरच्या ठाकूर, कातकरी वाड्यांवरच्या बहिणींनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाड्याने द्यायची तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 'आपण लवादाकडून मिटवून घेऊ' असं कुणी सांगितलं तर त्या परवानगीची गरज टळत नाही.

लवाद परवडतो का?

हा हिशेब सहीच्या आधी करावा. कोर्टात न्यायाधीशाचा पगार सरकार देतं. लवादाची फी आपण देतो. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात फीचा नमुना दर दिलेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला पंचेचाळीस हजार रुपये. लवाद एकच असेल तर त्यावर आणखी पंचवीस टक्के. म्हणजे काकूंच्या चार लाख वीस हजारांच्या दाव्याला छप्पन्न हजार दोनशे पन्नास. दोघांत वाटले तर प्रत्येकी अठ्ठावीस हजारांच्या वर. वकील वेगळा.

आता समजा तुमच्या गाळ्याचं भाडं महिना पाच हजार आहे आणि सहा महिने थकले. तीस हजारांच्या दाव्यासाठी अठ्ठावीस हजार फी भरणार? अशा लहान करारात लवादाचं कलम न घालणंच शहाणपणाचं. तालुक्याचं कोर्ट आहे, लोकअदालत आहे. मोठं भाडं, लांबची मुदत, कंपनी भाडेकरू असेल तिथे लवादाचा उपयोग होतो. तिथे वेळेचा फायदा मिळतो. दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं सहा महिन्यांत पूर्ण व्हावं आणि त्यानंतर बारा महिन्यांत निवाडा यावा, अशी मर्यादा कायद्यात आहे. दोघांच्या संमतीने ती सहा महिन्यांनी वाढते, त्यापुढे कोर्टाची परवानगी लागते. निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते.

सही झाल्यावर

करार झाला, वर्षं गेली, आणि एक दिवस पोस्टमन रजिस्टर्ड पत्र घेऊन आला. इथे आपल्या बायका एक गोष्ट हमखास करतात. इंग्रजी पत्र दिसलं की 'घरात कुणी नाही' म्हणून परत पाठवतात. असं करू नका. करारातल्या पत्त्यावर पत्र पोचवलं की ते मिळालं असं धरलं जातं. तुम्ही गेला नाहीत तरी लवाद पुढे चालू शकतो आणि कागदपत्रांवर निवाडा देऊ शकतो. पत्र घ्या, तारीख लिहा, पाकीटसुद्धा जपून ठेवा.

निवाडा विरुद्ध गेला तर तीन महिन्यांच्या आत कोर्टात आव्हान द्यावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस मिळतात, त्यानंतर एकही नाही. 'लग्नसराई आटपली की बघू' म्हणून कपाटात ठेवलेला निवाडा कपाटातच पक्का होतो.

थकलेल्या भाड्यालाही मुदत आहे. भाडं देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत कारवाई सुरू झाली पाहिजे. भाडेकरू चहा पाजून 'देतो हो ताई' म्हणत राहतो आणि वर्षं सरतात. लवादाची नोटीस समोरच्याला मिळाली, त्या दिवशी कारवाई सुरू झाली असं कायदा मानतो. म्हणून गोड बोलणं चालू राहू द्या, पण नोटीसही पाठवा.

स्टॅम्प कमी लावला म्हणून लवादाचं कलम मरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. पण उणीव भरून काढावी लागते, दंडही लागतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तेव्हा स्टॅम्पवर वाचवलेले पैसे शेवटी महागात पडतात.

आणि एक घरातली गोष्ट. सातबाऱ्यावर चार नावं असतील तर करारावर चौघांच्या सह्या हव्यात. बहिणीची सही 'नंतर घेऊ' म्हणून राहते. मग वाद झाला की कंपनी म्हणते, तुमच्यातच एकमत नाही. बहिणीलाही वाटतं, भाडं भावाने घेतलं, मला विचारलं कुणी? करार वाचायला बसाल तेव्हा सासरी गेलेल्या बहिणीलाही बोलवा. भाकरीच्या वाटणीइतकीच कागदाची वाटणीही उघड असावी.

कापून ठेवावा असा मसुदा

मोठ्या भाडेपट्ट्यासाठी, आणि जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू नाही अशाच जागेसाठी, साधारण असा मजकूर चालू शकतो. आपल्या वकिलाला दाखवून जागेप्रमाणे बदल करून घ्यावेत.

'या करारातून किंवा कराराच्या संबंधात उद्भवणारा कोणताही वाद, त्यात भाडे, अनामत रक्कम, दुरुस्ती, मुदतपूर्व समाप्ती व जागेचा ताबा यांचाही समावेश आहे, प्रथम दोन्ही पक्ष आपसात चर्चेने मिटवतील. एका पक्षाने लेखी कळवल्यापासून ३० दिवसांत वाद न मिटल्यास तो लवाद व समेट अधिनियम, १९९६ अन्वये एका लवादाकडे सोपवला जाईल व लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. लवादाची नेमणूक दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने होईल. मागणी केल्यापासून ३० दिवसांत एकमत न झाल्यास ती अधिनियमाप्रमाणे उच्च न्यायालयामार्फत होईल. लवादाचे स्थान खालापूर, जिल्हा रायगड हे राहील. कामकाजाची भाषा मराठी राहील. लवादाची फी सुरुवातीला दोन्ही पक्ष समान भरतील व अंतिम खर्च कोणी सोसावा हे लवाद ठरवील.'

चर्चेला तीस दिवसांची मर्यादा मुद्दाम घातली आहे. नुसतं 'आधी चर्चा करावी' लिहिलं की समोरचा वर्षभर चर्चाच करत बसतो. करार मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल तर अर्थात फरक पडल्यास कुठला ग्राह्य धरायचा, हेही एका ओळीत लिहून घ्या.

हे सगळं वाचून 'आम्हाला कोण विचारतंय, कंपनी म्हणेल घ्या नाहीतर सोडा' असं वाटणं साहजिक आहे. पण अनुभव असा, की भाड्याच्या रकमेवर अडून बसणारी कंपनी स्थान आणि भाषेवर पुष्कळदा सोडून देते, कारण ते शब्द तिच्याही कुणी नीट वाचलेले नसतात. मागायला मात्र हवं, आणि ते निबंधक कार्यालयात अंगठा टेकवण्याच्या आधी.

वकिलाची फी परवडत नसेल तरी अडून राहायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, आणि १५१०० हा मदतीचा फोन नंबर आहे. कराराचा कच्चा मसुदा मागून घ्या, आठ दिवस घरी ठेवा आणि तिथे नेऊन दाखवा. मसुदा घरी न्यायला जो नाही म्हणतो, त्याला जागाही नाही म्हणायला हरकत नाही.